छपाईची चूक

खानापूरच्या स्टँडामागं हसनसाब किल्लेदारचं पत्र्याचं खोकं होतं.
दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी चित्रकथांची पुस्तकं.
चार आण्याला एक, तिथंच बाकड्यावर बसून वाचायचं.
घरी न्यायचं तर आठ आणे, आणि वडलांचं नाव.
आमचे वडील कौलांच्या कारखान्यात. नाव ऐकलं की
तो म्हणायचा, हितंच बस की, बोटं पुसून बस.

बोटं तेव्हा नुकती पांढरी व्हायला लागलेली,
मग ओठाची कड, मग डाव्या डोळ्याभोवती.
बाकड्यावरची पोरं सरकून बसायची.
मला जागा ऐसपैस मिळायची, खोटं कशाला बोलू.

त्या पुस्तकांत कोड फक्त वाईट माणसाला.
नाहीतर एक डोळा, नाहीतर लंगडा पाय, कुबड.
नायकाचा गाल भट्टीतनं काढलेल्या कौलासारखा, एकरंगी.
पहिल्या पानावरच मी चोर ओळखायचो:
ज्याच्या अंगाला काहीतरी झालंय, तो.

एकदा एक प्रत आली, छापताना कागद सरकलेली.
रंग रेषेला सोडून दोन सूत बाजूला.
राजकन्येचा गुलाबी गाल मागच्या भिंतीवर सांडलेला
आणि तिच्या अर्ध्या तोंडावर नुसता कागद.
खराब हाय ती, हसनसाब म्हणाला, दुसरी घे.
मी ती सात वेळा नेली.
आठव्यांदा त्यानं पैसे घेतले नाहीत.

मराठी संपली तेव्हा कन्नड न्यायला लागलो.
शेजारच्या गंगव्वाच्या पायरीवर बसून
फुग्यातली अक्षरं ती बोटानं दाखवायची, मी लावायचो.
आमच्या पुस्तकांत कन्नड माणूस यायचा तो जीभ घसरायला,
दोन चौकटी, हशा, गेला.
गंगव्वाचा मल्लेशी मलप्रभेत गेला त्या रात्री
ती पहाटेपर्यंत कन्नडमध्ये बोलत होती
आणि गल्लीत एकालाही हसू आलं नाही.

आणखी एक. आमच्याकडची बाई
मी आलो म्हणते, मी जेवलो म्हणते. मी पण म्हणतो.
छापलेल्या कागदावर ही बाई मला भेटली नाही.
भेटली तर भांडी घासताना.
बाकी ठिकाणी तांबड्या शाईनं
कुणीतरी तिला आले करून ठेवलेलं असतं.

परवा भावाची तेजल बेळगावहून पुस्तक घेऊन आली.
जाड कागद, रंग रेषेच्या आत.
आत्ती, बघ, तू हायस हितं.
नायिकेला कोड.

चष्मा लावून वाचलं.
पान तीनवर ती भाषण करते.
पान नऊवर तिचे डाग अंधारात चमकतात, गाव वाचतं.
पान बारावर परत भाषण.
म्हटलं, तेजल, हिची बस कधी चुकत नाही काय?
आमटीत मीठ जास्त पडत नाही?
कुणाची उधारी बुडवावी असं एकदा तरी वाटत नाही?
चोर असू दे की ती, माझी ना नाही,
खरं कोड आहे म्हणून चोर नको.
आणि कोड आहे म्हणून देवी पण नको,
देवीला बाकड्यावर कोण बसवून घेतंय?

पोरीचं तोंड उतरलं.
स्वतःच्या पैशानं आणलेलं. मला फार बोलायची सवय.
चहा ठेवला, तो ती न पिता गेली.

रात्री परत उघडलं.
पान चौदा, खाली कोपऱ्यात, लहान चौकट:
ती उंबऱ्यावर बसून चपलेचा तुटलेला अंगठा शिवते.
जीभ थोडी बाहेर आलेली, सुईवर नजर.
फुगा नाही. काही चमकत नाही.
हातावर डाग आहेत, असतात तसे.

ही चौकट चांगली आहे.
तेजलला हे सांगायचं राहिलं.